आधी भिंती सरकतात

मेन, व्हरमाँट, न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या या राज्यांत गावाकडच्या घरामागे एक शेड असतेच. गवत कापायचं यंत्र, बर्फ फेकायचं यंत्र, शेगडीची लाकडं, सायकली, रंगाचे अर्धवट संपलेले डबे, कधी कोंबड्या, कधी दोन शेळ्या. घरात ज्याला जागा नाही आणि जे टाकवतही नाही, ते सगळं इथे. ही शेड बहुतेकदा घरमालकानंच एखाद्या उन्हाळ्यातले शनिवार-रविवार धरून, मेव्हण्याला मदतीला बोलावून बांधलेली असते. तिचं एक लाडकं मापही आहे : १२ फूट बाय १६ फूट. ते कुणा वास्तुविशारदानं ठरवलेलं नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी ज्या नमुना-संहितेवरून आपले घरबांधणीचे नियम घेतले, ती ‘इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड’ म्हणते की घरापासून सुटी, एकमजली आणि २०० चौरस फुटांपर्यंतची शेड असेल तर बांधकाम परवाना लागत नाही. बारा सोळे एकशे ब्याण्णव. परवाना वाचला, फी वाचली आणि तपासनीसही टळला.

परवाना नको म्हणजे नियम लागू नाहीत असं नव्हे. पण विचारणारंच कोणी नसलं की हा फरक पुसट होतो. तपासनीस आला असता तर त्यानं आत शिरून वर पाहिलं असतं आणि विचारलं असतं, “समोरासमोरच्या भिंतींना बांधून ठेवणारी आडवी तुळई कुठाय?”

हा प्रश्न मग बर्फ विचारतो.

२०१५ च्या हिवाळ्यात त्यानं तो फार मोठ्या आवाजात विचारला. जानेवारीच्या अखेरच्या हिमवादळात मॅसॅच्युसेट्समधल्या एकट्या वूस्टर शहरात ३४.५ इंच बर्फ पडला. बोस्टनमध्ये एका फेब्रुवारीत ६४.८ इंच, आणि सगळ्या मोसमाचा आकडा ११०.६ इंचांवर गेला, म्हणजे जवळजवळ २८१ सेंटिमीटर. आधीचा विक्रम १९९५-९६ चा होता, १०७.६ इंचांचा. नुसत्या उंचीपेक्षा घातक होती ती थंडी. एरवी दोन वादळांच्या मध्ये चार उबदार दिवस येतात, छतावरचा बर्फ थोडा वितळतो, घसरतो, ओघळतो. त्या फेब्रुवारीत तसा उसंतीचा काळ आलाच नाही. पहिला थर जागचा हलला नाही, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. बोस्टन शहरानं रस्त्यांवरून उचलून एका मोकळ्या जागेत रचलेला बर्फाचा ढीग पुरता वितळायला १४ जुलै उजाडला. राज्यभर दुकानांची, गोदामांची, शाळांची छतं बसल्याच्या बातम्या येत राहिल्या. घरामागच्या शेडची मात्र बातमी होत नाही. ती सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते.

बर्फाचं वजन ही डोळ्यांना हमखास फसवणारी गोष्ट आहे. अमेरिकेची आपत्ती व्यवस्थापन संस्था ‘फेमा’ घरमालकांसाठी एक ढोबळ हिशोब देते : ताजा भुसभुशीत बर्फ १० ते १२ इंच साचला तर तो एक इंच पाण्याइतका, पण जुना, दबलेला बर्फ तीन ते पाच इंच असला तरी तेवढाच. एक इंच पाणी म्हणजे दर चौरस फुटाला साधारण पाच पौंड. हा हिशोब आपल्या शेडला लावला, तर रात्रभर पडलेल्या फूटभर ताज्या बर्फाचा भार साडेचारशे किलोच्या आसपास येतो. तोच बर्फ दबून, वर नवा पडून, दोन फूट घट्ट थर झाला की भार अडीच टनांच्या पुढे जातो. खिडकीतून दोन्ही सारखेच पांढरे दिसतात. त्यात पाऊस आला तर आणखी पंचाईत, कारण बर्फ ते पाणी स्पंजासारखं धरून ठेवतो आणि उंची तर वाढत नाही, उलट थोडी कमीच होते. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराच्या दक्षिणेकडच्या गावांत नोव्हेंबर २०१४ मध्ये एरी सरोवरावरून आलेल्या ढगांनी चार-पाच दिवसांत काही ठिकाणी सात फुटांच्या आसपास बर्फ ओतला आणि लगेच हवा उबदार होऊन पावसाची चिन्हं दिसू लागली, तेव्हा लोक रस्त्यांआधी छतांकडे धावले ते याच भीतीनं.

शेडचं आणखी एक दुर्दैव असं की ती थंड असते. घराच्या छतातून थोडी ऊब झिरपते आणि बर्फाचा खालचा थर सैल होतो. शेडमध्ये शेगडी नाही, माणूस नाही. पडलेला बर्फ जसाच्या तसा राहतो. अमेरिकेतले स्थापत्य अभियंते इमारतींवरच्या भारासाठी ‘एएससीई ७’ हे मानक वापरतात. त्यात गरम न ठेवलेल्या इमारतीसाठी बर्फाचा भार २० टक्के जास्त धरायला सांगितलं आहे. म्हणजे ज्या बांधकामात सगळ्यात कमी लाकूड आणि सगळ्यात कमी विचार गेलेला असतो, त्याच्याच वाट्याला जास्त बर्फ. न्यू हॅम्पशायरमधल्या हॅनोव्हर गावी अमेरिकी लष्कराची शीत प्रदेशांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. तिथल्या अभियंत्यांनी २००२ मध्ये त्या राज्यातल्या गावागावांसाठी जमिनीवरच्या बर्फाच्या भाराचे आकडे काढून दिले आणि गावातली जागा जितकी उंचावर तितका आकडा वाढवायची रीतही सांगितली. शेड बांधायच्या आधी तो तक्ता उघडून पाहणारे घरमालक विरळाच.

पण आता मूळ मुद्दा. छत कोसळलं असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे चित्र येतं ते वरून भार आला, वासे कडकड मोडले, सगळं खाली आलं असं. तसंही होतं. मात्र घरी बांधलेल्या दुपाखी शेडमध्ये बहुधा वासे शेवटी मोडतात. आधी भिंती सरकतात.

दोन बाजूंचे वासे आढ्यापाशी एकमेकांवर रेलून उभे असतात. वरून दाब आला की त्यांचे पाय बाहेर फाकू पाहतात. मधली साखळी काढलेली घडीची शिडी फाकते तसे. ते पाय भिंतीच्या माथ्यावर खिळलेले, म्हणून भिंतीचा माथाही बाहेर ढकलला जातो. हा ढकल किती? १२ फूट रुंदीच्या शेडचं आढं भिंतीच्या माथ्यापासून अवघं दोन फूट उंच असेल, छतावर दर चौरस फुटाला ३० पौंड बर्फ असेल आणि वासे दोन-दोन फुटांवर असतील, तर प्रत्येक वाशाच्या पायाशी सुमारे २४५ किलो आडवा जोर येतो. तोच उतार उभा करून आढं सहा फुटांवर नेलं तर जोर एक तृतीयांश, ८० किलोच्या आसपास. त्या जोराला उत्तर काय असतं? तिरके ठोकलेले दोन-तीन खिळे आणि साडेतीन इंच जाडीची भिंत, जिला आडव्या धक्क्याची सवयच नाही.

आढ्याचं लाकूड हा भार पेलतं असं अनेकांना वाटतं. बहुतेक शेडमध्ये ते आढं म्हणजे नुसती फळी असते, दोन्ही बाजूंचे वासे एका रेषेत खिळता यावेत म्हणून घातलेली. तिच्याखाली खांब नसतो. खांबांवर टेकलेली जाड तुळई असती तर गोष्ट वेगळी होती. ती नसेल तर समोरासमोरच्या वाशांचे पाय एकमेकांना बांधणारं आडवं लाकूड हवंच, आणि तेही खालच्या अंगाला. भिंतीच्या माथ्यापासून आढ्यापर्यंतची उंची धरली तर खालच्या एक तृतीयांशात. कोकणातल्या जुन्या कौलारू घराच्या कैचीत ही गोष्ट सुतारानं कुणी न शिकवता केलेली दिसते.

मग अमेरिकन घरमालक ही आडवी तुळई का गाळतो? कारण ती डोक्याला लागते. शेडमध्ये कयाक टांगायची असते, लांब फळ्या उभ्या फिरवायच्या असतात. म्हणून तो आडवं लाकूड उचलून वर, आढ्याजवळ नेतो. दिसायला कैची तशीच दिसते. वरच्या अंगाच्या त्या लाकडाचं काम वेगळंच आहे : वादळी वाऱ्यात छत उचललं जाऊ लागलं तर आढ्याचा सांधा उघडू न देणं. खाली फाकणाऱ्या पायांना ते जवळजवळ काहीच करू शकत नाही. डोक्यावरची दीड हात मोकळी जागा मिळवण्यासाठी मोजलेली ही किंमत आहे, आणि ती दहा-बारा सौम्य हिवाळे वसूल होत नाही.

सगळा दोष हौशी सुतारांवर ढकलणंही बरं नाही. कनेक्टिकटमधल्या हार्टफर्ड शहरात १९७५ मध्ये उघडलेल्या सिव्हिक सेंटरचं पोलादी जाळीचं विशाल छत, संगणकावर हिशोब करून उभारलेलं, १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे सव्वाचारच्या सुमारास बर्फाखाली जमिनीवर आलं. काही तास आधी तिथे बास्केटबॉलच्या सामन्याला सुमारे पाच हजार प्रेक्षक होते. छतावरचा त्या रात्रीचा बर्फ हिशोबात धरलेल्या भारापेक्षा कमीच होता. चौकशीत दिसलं की जाळीच्या वरच्या दांड्यांना बाजूनं पुरेसा आधार नव्हता, त्या वाकल्या. छत उचलतानाच ते अपेक्षेच्या दुप्पट वाकलेलं दिसलं होतं, आणि त्याचं फारसं काही नाही अशी समजूत घातली गेली होती. शेडचा मालक निदान संगणकाचा हवाला देत नाही.

आता दुरुस्ती. बर्फाखाली बसलेली शेड दोन प्रकारची असते. एक पुरती आडवी झालेली. तिची दुरुस्ती नसते, निवडानिवड असते. दुसरी, आणि हीच जास्त आढळते, अर्धी बसलेली : आढं मध्ये फूटभर खचलेलं, एक-दोन वासे चिरलेले, भिंतींचे माथे दोन्हीकडे चार-सहा इंच बाहेर कललेले, दार चौकटीत अडकलेलं. हे दार आधीच बोललेलं असतं. दारं-खिडक्या घट्ट बसू लागणं, लाकडाचे कटकट आवाज येणं, आढ्याची रेघ मध्ये झुकणं या फेमानं दिलेल्या धोक्याच्या खुणा आहेत. पण थंडीनं लाकूड फुगलंय म्हणून दाराला खांदा लावणारेच जास्त.

पहिला नियम, आत जायचं नाही. वीज घरातूनच तोडायची, आत पेट्रोलचा डबा किंवा गॅसची टाकी असेल हे लक्षात ठेवायचं, विम्यासाठी फोटो काढायचे आणि जमिनीवर उभं राहून लांब दांड्याच्या फावड्यानं बर्फ ओढायचा. एक बाजू पूर्ण मोकळी करून मग दुसरी, असं केलं तर सगळा भार एका अंगाला येतो आणि उरलेली शेड त्या अंगाला लोळते. म्हणून थोडा इकडचा, थोडा तिकडचा.

मग टेकू. दाराशी पहिला, तो पक्का झाला की त्याच्या आधारानं आत दुसरा. खाली फळ्यांचा आडवा-उभा चौथरा, त्यावर बाटलीच्या आकाराचा हायड्रॉलिक जॅक, त्यावर खांब, खांबावर आढं. जॅक चढवायचा तो पाव-पाव इंचानं. वाकलेल्या वाशात जोर साठलेला असतो. घाईनं करवत घातली तर तो सुटतो आणि लाकूड फटकन उसळतं. अनुभवी सुतार असा वासा कापायच्या आधी दोरानं जखडतात.

आढं वर उचलायला लागलं की भिंतीही आत यायला हव्यात, आणि इथेच बहुतेकांची चूक होते. छत पडलं म्हणून ते छतच दुरुस्त करतात. फाकलेल्या भिंतींवर नवे वासे बसवले तर ते नव्या मापाला कापावे लागतात, आढं खाली येतं, उतार आणखी मंदावतो आणि आडवा जोर वाढतो. दुरुस्त केलेली शेड मूळच्या शेडपेक्षा कच्ची होते. म्हणून खरं काम भिंतीपासून सुरू होतं. समोरासमोरच्या दोन माथ्यांना पोलादी दोर बांधायचा, मध्ये दात्यांचा हातपुलर लावायचा आणि आत खेचायचं. ओळंबा सोडून पाहायचं. माथा सरळ झाला तरी थांबायचं नाही. ओळंब्याच्या किंचित आत आणायचा, कारण पुलर सैल केल्यावर लाकूड थोडं मागे जातंच. दोन्ही कर्ण मोजायचे. बारा-सोळाच्या शेडला इथे एक सोय आहे : तीन-चार-पाचच्या त्रिकोणाची ती चौपट, म्हणून काटकोनातल्या शेडचा कर्ण बरोबर २० फूट भरतो. भरत नसेल तर नजर खाली वळवावी लागते. या भागात गोठण जमिनीत चार फुटांपर्यंत उतरते असं धरून घरांचे पाये घालतात. शेड मात्र नुसत्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बसवलेली. दर हिवाळ्याला एखादा कोपरा उचलला जातो, वसंतात अर्धाच खाली येतो. वरच्या सांध्यांना तिरकेपणाची सवय बर्फाच्या कितीतरी आधी लागलेली असते.

भिंती जागेवर आल्या, तात्पुरत्या तिरक्या पट्ट्यांनी जखडल्या, की मग वाशांकडे. चिरलेल्या वाशाला नवं लाकूड जोडून चालतं, मोडलेला बदलावा लागतो. बरेच जण जुन्याच मापाचं लाकूड आणतात आणि संख्या वाढवतात. त्यापेक्षा उंची वाढवणं फायद्याचं. बाजारात ‘दोन बाय चार’ म्हणून मिळणारं लाकूड प्रत्यक्षात साडेतीन इंच उंच, ‘दोन बाय सहा’ साडेपाच इंच. उंची दीडपटीहून थोडी जास्त, पण ताकद सुमारे अडीचपट आणि ताठपणा जवळजवळ चौपट, कारण ताकद उंचीच्या वर्गानं वाढते आणि ताठपणा घनानं. मग तुळया : दर वाशाच्या जोडीला एक, खालच्या तिसऱ्या हिश्श्यात. आढ्याच्या सांध्याला दोन्हीकडून प्लायवूडचे तुकडे, वाशाच्या पायाशी पोलादी कोन. डोक्याला लागत असेल तर भिंत उंच करावी. तो दोन दिवसांचा वाढीव वैताग आहे खरा.

छतावर डांबरी शिंगल्सऐवजी पत्रा घातला आणि उतार उभा ठेवला तर बर्फ आपण होऊन घसरतो. पण तो कुठे घसरतो हेही पाहायला हवं. वळचणीखाली दार असेल तर दार गाडलं जाणार. म्हणून दार त्रिकोणी बाजूच्या भिंतीत. आणि शेड जर मोठ्या कोठाराला टेकून पडवीसारखी काढलेली असेल, तर तिच्या छतावर तिचा स्वतःचा बर्फ, शिवाय वाऱ्यानं कोठाराच्या आडोशाला आणून टाकलेला, शिवाय वरच्या छतावरून धाडकन आलेला. या घसरत्या बर्फापोटी वरच्या छताच्या भाराचे ४० टक्के खालच्या छतावर धरा, असं एएससीई ७ सांगतं. आधी बसतात त्यांत या पडव्या असतातच. पडलेली पडवी पुन्हा कोठाराला न चिकटवता वीस फूट दूर सुटी उभारणं हा तिचा सगळ्यात चांगला इलाज.

लाकूड कुठून आणायचं? मे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या वायदेबाजारात लाकडाचा भाव हजार बोर्ड-फुटांना १६०० डॉलरच्या वर गेला होता, तेव्हा पडक्या शेडमधला प्रत्येक धड वासा लोकांनी खिळे उपटून जपला. या प्रदेशाला ती सवय जुनीच. हेन्री डेव्हिड थोरोनं १८४५ मध्ये काँकॉर्डजवळ वॉल्डन तळ्याकाठी स्वतःच्या हातांनी १० बाय १५ फुटांची झोपडी बांधली, तेव्हा फळ्यांसाठी एका रेल्वे-मजुराची खोपटी चार डॉलर पंचवीस सेंटना विकत घेऊन मोडली होती. खिडक्या जुन्या, विटा जुन्या, छतासाठी टाकाऊ शिंगल्स. एकूण खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट, पैकी खिळ्यांचे तीन डॉलर नव्वद सेंट. दुर्गाबाई भागवतांनी केलेल्या त्याच्या ‘वॉल्डन’ या पुस्तकाच्या अनुवादातून हा हिशोब मराठी वाचकांपर्यंतही आलेला आहे. त्यापुढची हकिगत कमी सांगितली जाते. थोरो तिथून निघून गेल्यावर झोपडी एका शेतावर हलवली गेली, धान्य साठवायला वापरली गेली. १८६८ मध्ये ती मोडून लाकूड काढून घेतलं आणि छप्पर दुसऱ्या एका आडबाजूच्या खोपटावर बसवलं. अमेरिकी साहित्यातल्या सर्वांत प्रसिद्ध छपरानं शेवटची वर्षं शेड म्हणून काढली.

विम्याचा भरवसा थोडाच. तिथल्या नेहमीच्या घरविम्यात ‘इतर बांधकामं’ या सदराखाली सहसा घराच्या विमारकमेच्या १० टक्क्यांपर्यंत भरपाई असते आणि बर्फाच्या भारानं झालेलं नुकसान त्यात बसतं. पण दाव्यातली पहिली हजार-दोन हजार डॉलरची रक्कम मालकानंच सोसायची असते, आणि हाती बांधलेल्या शेडची किंमत अनेकदा त्याच्या आतच संपते. शेडमधून धंदा चालत असेल तर ती या सदरातूनही बाहेर.

मोठ्या कोठारांचं दुखणं वेगळं. त्यांच्या जुन्या चौकटींत कुऱ्हाडीनं तासलेल्या जाड तुळया असतात, त्यामुळे ती बर्फानं सहसा फाकत नाहीत. गळक्या छपरातून पाणी झिरपून सांधे कुजतात आणि मग एखादा हिवाळा निमित्त होतो. दुरुस्ती परवडत नाही, उभं ठेवावं तर मालमत्ता कर भरावा लागतो, म्हणून पाडून टाकणं स्वस्त पडतं. न्यू हॅम्पशायरनं २००२ मध्ये यासाठी कायदा केला. निदान ७५ वर्षं जुनी शेतीची वास्तू असेल आणि ती टिकण्यात गावाचं काही हित असेल, तर मालकानं कमीत कमी दहा वर्षं ती सांभाळण्याचा करार करायचा. बदल्यात गाव तिच्या करमूल्यात २५ ते ७५ टक्के सूट देतं. अर्ज आला की गावात जाहीर सुनावणी होते. या कायद्यात किमान क्षेत्रफळाची अट नाही, वयाची आहे. २०१५ च्या उन्हाळ्यात तिथे नव्यानं उभारलेलं बारा-सोळाचं कोंबड्यांचं खुराडं २०९० मध्ये अर्ज करू शकेल.